मोबाइल, पेसमेकर आणि हॉस्पिटलमधली यंत्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेसमेकर बसवलेले लोक, घरी इन्सुलिन पंप किंवा ऑक्सिजन वापरणारे रुग्ण आणि आयसीयूच्या दारात फोन हातात घेऊन घुटमळणारे नातेवाईक यांचे हे प्रश्न आहेत. हॉस्पिटलमधल्या यंत्रांची देखभाल हे माझे काम असल्याने त्यातले बरेच माझ्यापर्यंत येतात. उत्तरे सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी किंवा यंत्रासोबतच्या पुस्तिकेने याहून कडक काही सांगितले असेल, तर तेच पाळा.

फोनमुळे वैद्यकीय यंत्र खरेच बिघडते का?

सहसा बिघडत नाही, गोंधळते. फोन दूर नेला की बहुतेक यंत्रे पुन्हा ताळ्यावर येतात. पण गोंधळाचे ते काही क्षण कोणत्या यंत्राच्या वाट्याला येतात, याला फार महत्त्व आहे. थर्मामीटरने चुकीचा आकडा दाखवला तर पुन्हा मोजता येते. रक्तदाब टिकवणारे औषध थेंबाथेंबाने सोडणारा पंप थांबला आणि कोणाच्या लक्षातच आले नाही, तर मात्र वेळ हाताशी नसतो.

असे का होते, ते एकदा समजून घेतले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. हृदयाचे ठोके टिपणारी यंत्रे अतिशय क्षीण विद्युत संकेत वाचतात. छातीवर चिकटवलेल्या ईसीजीच्या पट्ट्यांपर्यंत पोचणारा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टच्या घरात असतो. एवढे बारीक टिपायचे तर यंत्र संवेदनशील हवेच, आणि त्याच्या लांब तारा नकळत अँटेनाचे काम करतात. शेजारचा फोन लहरी फेकू लागला की त्याही तारांत शिरतात. यंत्रातल्या गाळण्या त्यातल्या बहुतेक अडवतात. फोन अगदी चिकटून असेल तर गाळणी अपुरी पडते.

हा झाला रेडिओ लहरींचा मार्ग. दुसरा मार्ग चुंबकाचा आहे आणि त्याचा लहरींशी काही संबंध नाही. लोकांचे बहुतेक गैरसमज या दोन गोष्टींची गल्लत केल्याने होतात, म्हणून खाली त्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

फोन फ्लाइट मोडवर टाकला की धोका संपला ना?

लहरींचा संपला. चुंबकाचा नाही. फोन पूर्ण बंद असला, बॅटरी उतरलेली असली, तरी त्याच्या पाठीतले चुंबक तसेच असते. पेसमेकर असलेल्या माणसाने फोन फ्लाइट मोडवर टाकून निर्धास्तपणे वरच्या खिशात ठेवला, तर त्याने अर्धीच काळजी घेतली.

आणखी एक बाब. फ्लाइट मोड चालू केल्यावरही काही फोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू राहतात. त्यांची ताकद मोबाइल नेटवर्कपेक्षा कमी असते, पण फोन पूर्ण शांत हवा असेल तर ती दोन्ही बटणेही तपासा.

नेमके किती अंतर ठेवायचे?

शरीरात बसवलेल्या यंत्रापासून किमान १५ सेंमी. हॉस्पिटलमधल्या किंवा घरातल्या बाहेरच्या यंत्रांपासून, त्यांच्या तारांसकट, किमान ३० सेंमी. मोजपट्टी कोणी खिशात घेऊन फिरत नाही, म्हणून मी लोकांना सांगतो: पेसमेकरपासून वीतभर, पलंगाशेजारच्या यंत्रापासून हातभर. वीत २० सेंमीच्या आसपास भरते आणि कोपरापासून बोटांपर्यंतचा हात ४५ सेंमीच्या आसपास, त्यामुळे दोन्ही ठिकाणी थोडे जास्तच अंतर राहते.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. वैद्यकीय यंत्रांच्या विद्युतचुंबकीय सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१-१-२ याची चौथी आवृत्ती २०१४ मध्ये आली. फोनसारखी साधने यंत्राच्या ३० सेंमीपर्यंत येणार हे गृहीत धरून तीत चाचण्या ठरवल्या आहेत. यंत्र त्या कसोटीला उतरले म्हणजे हातभर अंतरावरचा फोन त्याने सोसावा अशी अपेक्षा असते. फोन यंत्राला टेकवला तर ते आश्वासन लागू राहत नाही. जुन्या यंत्रांच्या कसोट्या तर याहून सौम्य होत्या, आणि हॉस्पिटलमध्ये जुनी यंत्रे वर्षानुवर्षे चालतात.

अंतराचा फायदा फार झपाट्याने मिळतो. अंतर दुप्पट केले की लहरींच्या क्षेत्राची तीव्रता साधारण निम्मी होते. लहान चुंबकाचे क्षेत्र तर आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून पेसमेकरच्या बाबतीत दोन सेंमी आणि वीतभर यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, पण एक मीटर आणि तीन मीटर यांत व्यवहारात काही फरक नाही.

पेसमेकर आहे. फोनवर बोलता येईल का?

बिनधास्त बोला. यंत्र ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध कानाला फोन लावा. बहुतेकांचा पेसमेकर डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो, म्हणजे उजवा कान. स्पीकर लावून किंवा वायरच्या इअरफोनने बोललात तरी चालेल.

यावरचा एक मोठा अभ्यास १९९७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. पेसमेकर असलेल्या ९८० लोकांवर ५५३३ चाचण्या झाल्या. २० टक्के चाचण्यांत काही ना काही अडथळा दिसला आणि ६.६ टक्के चाचण्यांतला अडथळा वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगा होता. पण फोन नेहमीसारखा कानाला लावलेला असताना असा गंभीर अडथळा एकदाही आला नाही. त्रास झाला तो फोन छातीवर, यंत्राच्या वर धरल्यावर. त्यानंतरच्या पेसमेकरमध्ये गाळण्या बऱ्याच सुधारल्या, आणि आजचे फोनही त्या काळच्या फोनपेक्षा कमी ताकदीने बोलतात.

तेव्हा जपायचे ते बोलताना नाही, न बोलताना. फोन शर्टाच्या वरच्या खिशात नको. कपड्यात छातीशी खोचलेला नको. गळ्यात दोरीने लटकवून बरोबर यंत्रावर आपटणारा नको. आणि उताणे पडून व्हिडिओ बघताना फोन छातीवर टेकवू नका. डोळा लागला की फोन तासन्‌तास तिथेच पडून राहतो. ही शेवटची सवय मला सर्वात काळजीची वाटते, कारण ती कोणी मोजतच नाही.

पाठीवर चुंबक असलेल्या फोनची एवढी चर्चा का झाली?

२०२० मध्ये आयफोन १२ आला. वायरलेस चार्जर नेमका जागेवर चिकटावा म्हणून त्याच्या पाठीत चुंबकांचे कडे बसवले होते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हार्ट ऱ्हिदम या नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले: आयसीडी बसवलेल्या रुग्णाच्या छातीजवळ हा फोन नेताच आयसीडीने आपले काम थांबवले, आणि फोन तिथे असेपर्यंत थांबवूनच ठेवले.

आयसीडी म्हणजे हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर आतून शॉक देणारे यंत्र. पेसमेकर आणि आयसीडी या दोन्हींना चुंबक ओळखण्याची सोय मुद्दाम दिलेली असते. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर छातीवर चुंबक ठेवतात आणि यंत्राला ठरलेल्या अवस्थेत नेतात. त्या अवस्थेत बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न पाहता ठरावीक गतीने ठोके देत राहतात, आणि बहुतेक आयसीडी शॉक देणे स्थगित करतात. साधारण १ मिलिटेस्लाचे, म्हणजे १० गॉसचे, क्षेत्र त्यासाठी पुरते. फोनचे चुंबक अगदी जवळ आले की यंत्राला ते डॉक्टरांच्या चुंबकासारखेच भासते. यंत्र बिघडलेले नसते, ते शिकवल्याप्रमाणेच वागत असते.

नंतर ॲपलने स्वतःच सूचना दिली: फोन आणि असे साधन यांत १५ सेंमीहून अधिक अंतर ठेवा, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंमीहून अधिक. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेनेही २०२१ मध्ये फोन आणि स्मार्टवॉच १५ सेंमी दूर ठेवण्याचा सल्ला दिला. चुंबक आता इतर कंपन्यांच्या फोनमध्ये आणि फोनच्या कव्हरांतही येते, त्यामुळे हा एका मॉडेलचा प्रश्न राहिलेला नाही.

माझ्या फोनमध्ये चुंबक आहे हे कसे ओळखू?

कागदाला लावायची लोखंडी क्लिप घ्या आणि फोनच्या पाठीवर हळूहळू फिरवा. कुठेतरी ती अलगद ओढली जाईल. स्पीकरपाशी थोडीशी ओढ जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये जाणवते. मधोमध गोल कडे जाणवले तर ते चार्जिंगचे चुंबक. हीच क्लिप वायरलेस इअरफोनच्या डबीवर, टॅबलेटच्या कव्हरवर, डिजिटल पेनवर, घड्याळाच्या चुंबकी पट्ट्यावर आणि मोठ्या हेडफोनवर फिरवून पाहा. बऱ्याच जणांना इअरफोनच्या डबीचे आश्चर्य वाटते. ती फोनपेक्षा लहान असल्याने वरच्या खिशात सहज जाते, आणि झाकण बंद ठेवण्यासाठी तिच्यात चुंबक असते.

ही चाचणी टेबलावर करा, छातीशी धरून नको.

चुंबक जवळ आल्याचे रुग्णाला जाणवते का?

बहुधा नाही. काही आयसीडी बीप देतात, सगळी नाहीत. चुंबक दूर गेले की यंत्र आपोआप पूर्ववत होते, त्यासाठी दवाखान्यात धावण्याची गरज नसते. चक्कर, धडधड किंवा घाबरल्यासारखे वाटले तर पहिल्यांदा फोन आणि अंगावरची इतर साधने बाजूला करा. मग डॉक्टरांना कळवा. बरे वाटले तरी कळवा, कारण यंत्राच्या स्मृतीत काय नोंदले गेले ते त्यांना तपासता येते. माणूस बेशुद्ध पडला तर फोनचा विचार करत बसू नका, तातडीची मदत बोलवा.

स्मार्टवॉच आणि चरबी मोजणारा वजनकाटा?

मनगटावरचे घड्याळ सहसा छातीपासून पुरेसे दूर असते. हात छातीखाली दुमडून झोपायची सवय असेल तर रात्री काढून ठेवा.

वजनकाट्याचा मुद्दा वेगळा आहे. शरीरातली चरबी सांगणारे काटे, काही घड्याळे आणि काही अंगठ्या त्वचेतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून मोजमाप करतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असा प्रवाह हृदयातल्या काही यंत्रांना चुकीचा संकेत देऊ शकतो असे दिसले. पेसमेकर असलेल्यांनी ही सुविधा वापरू नये असे त्या काट्यांच्या पुस्तिकेतही बहुधा लिहिलेले असते. साधे वजन करणाऱ्या काट्यावर खुशाल उभे राहा.

माझा पेसमेकर फोनमधल्या ॲपला जोडलेला आहे. मग फोन दूर कसा ठेवू?

दूर म्हणजे वीतभरापलीकडे. दुसऱ्या खोलीत नव्हे. रात्री पलंगाशेजारच्या टेबलावर फोन ठेवला की दोन्ही गोष्टी साधतात. ब्लूटूथ बंद करू नका, ॲप जबरदस्तीने बंद करू नका. बॅटरी वाचवणारी सेटिंग ते ॲप झोपवत नाही ना, तेही बघा. यंत्राची माहिती डॉक्टरांपर्यंत पोचण्याची ती वाट आहे. इथे फोन उपचारांचाच भाग झाला आहे आणि सरसकट दूर फेकण्याने नुकसानच होईल.

आयसीयूत आम्हाला फोन बंद करायला सांगतात आणि डॉक्टर मात्र वापरतात. असे का?

हा प्रश्न चिडून विचारला जातो आणि तो रास्त आहे. २००७ मध्येच दोन अभ्यास आले आणि वरवर पाहता ते एकमेकांच्या विरुद्ध होते.

ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी अतिदक्षता विभागात वापरली जाणारी ६१ यंत्रे घेतली आणि फोनच्या लहरी सोडणारे साधन हळूहळू जवळ आणत नेले. ६१ पैकी २६ यंत्रांत अडथळा आला, एकूण ४८ प्रसंग. त्यातले १६ धोकादायक म्हणावे असे: व्हेंटिलेटर बंद पडून पुन्हा सुरू होणे, अलार्म न वाजवता सिरिंज पंप थांबणे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने रुग्णांच्या ७५ खोल्यांत, १९२ यंत्रांजवळ, फोन नेहमीसारखे वापरून ३०० चाचण्या केल्या. वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा अडथळा: शून्य.

दोन्ही खरे आहेत. ॲमस्टरडॅमच्या चाचण्यांत अडथळा सुरू होण्याचे मध्यक अंतर अवघे ३ सेंमी होते, म्हणजे फोन यंत्राला जवळजवळ चिकटलेला. मेयो क्लिनिकमध्ये लोक जसे उभे राहून बोलतात तसे बोलत होते. तरीही ॲमस्टरडॅममधला एखादा प्रसंग काही मीटरवरूनही घडला होता, हे विसरून चालत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. डॉक्टरांच्या फोनला वेगळे भौतिकशास्त्र लागू होत नाही. त्यांनीही हातभर अंतर पाळायला हवे, आणि न पाळणाऱ्याला नम्रपणे सांगायला हरकत नाही. फरक एवढाच, की कोणते यंत्र नाजूक आहे हे त्यांना माहीत असते आणि अलार्म वाजला तर काय करायचे तेही. नातेवाइकांना ते माहीत असण्याची अपेक्षा कशी करणार? शिवाय आयसीयूतल्या मनाईमागे रुग्णाची शांतता, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा फोटो निघू नये ही काळजी आणि फोनवरून येणारे जंतू ही कारणेही असतात. माझे मत असे, की दारावर नुसते ‘फोन बंद’ लिहिण्यापेक्षा कारण आणि अंतर लिहिले तर लोक जास्त पाळतील.

फोनपेक्षा वॉकीटॉकी कितीतरी त्रासदायक ठरते. ब्रिटनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी चाचण्यांत एक मीटरवरच्या मोबाइलने सुमारे ४ टक्के यंत्रांत अडथळा आणला, तर सुरक्षारक्षकांच्या आणि आपत्कालीन सेवांच्या हातातल्या संचांचे प्रमाण त्याच्या कित्येक पट होते.

सिग्नल कमी असेल तर फोन जास्त त्रास देतो, हे खरे?

खरे आहे, आणि याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो. तळघरात, लिफ्टमध्ये किंवा जाड भिंतींच्या एक्स-रे विभागात तो पूर्ण ताकद लावतो. टू-जीच्या फोनची कमाल ताकद २ वॅटपर्यंत जाते, फोर-जीची साधारण ०.२ वॅट. जुना फोन स्पीकरजवळ ठेवल्यावर कॉल येण्याआधी जो ‘टर्र टर्र’ आवाज यायचा, तो टू-जीच्या सेकंदाला २१७ ठोक्यांचा परिणाम. आजचा फोनही नेटवर्क गेले की काही वेळा टू-जीवर उतरतो. म्हणून रेंज नसलेल्या वॉर्डात पलंगाशी उभे राहून ‘हॅलो, हॅलो’ करण्यापेक्षा व्हरांड्यात या. तुम्हालाही ऐकू येईल.

फाइव्ह-जीचा धोका जास्त आहे का?

फाइव्ह-जी फोनची ताकद फोर-जीच्याच पातळीची असते. वीतभर आणि हातभर हे नियम तेच.

सलाइनच्या पंपावर फोन ठेवला तर काय होते?

बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि म्हणूनच ही सवय लागते. पलंगाशेजारी सपाट जागा नसते, पंपाचा माथा नेमका हाताच्या उंचीवर असतो, दोन्ही हातांनी रुग्णाला सावरताना फोन तिथे टेकवला जातो. एरवी तो गप्प असतो. मग कॉल येतो, फोन टॉवरशी बोलू लागतो, आणि अंतर असते शून्य. वर सांगितलेल्या अभ्यासातला अलार्म न वाजवता थांबलेला पंप आठवा. पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि नवजात बाळाची काचपेटी यांच्या माथ्यावर, रुग्णाच्या गादीवर किंवा तारांच्या गुंडाळीवर फोन ठेवू नका. खिडकीची कड, खुर्ची, तुमची पिशवी, कुठेही चालेल.

वॉर्डात फोन चार्ज करू का?

विचारून करा. यात लहरींपेक्षा साध्या चुका जास्त महागात पडतात. सॉकेट मोकळे नाही म्हणून कोणता तरी प्लग काढणे ही त्यातली पहिली. यंत्र बॅटरीवर जाते, चालूच दिसते, आणि बॅटरी संपली की बंद पडते. पलंगामागचा कोणताही प्लग स्वतः काढू नका, यंत्राच्या एक्स्टेन्शन बोर्डात चार्जर खुपसू नका.

दुसरी चूक ऑक्सिजनजवळची. नळी नाकाला असताना ऑक्सिजन चादरीत, उशीत, कपड्यांत साचतो आणि अशा कापडाला लागलेली ठिणगी क्षणात भडकते. फोन उशीखाली किंवा पांघरुणात ठेवून चार्ज करणे अशा रुग्णाच्या बाबतीत पूर्णपणे टाळा. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर चार्जिंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कडक पृष्ठभागावर करा, आणि तडे गेलेली वायर फेकून द्या.

एमआरआयच्या खोलीत फोन नेला तर?

नेऊच नका, बंद करूनही नाही. एमआरआयचे चुंबक स्कॅन संपल्यावरही चालू असते, रात्रीही. १.५ टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट ताकदीचे असते. फोन हातातून सुटून यंत्राकडे झेपावू शकतो आणि मध्ये आलेल्या माणसाला लागू शकतो. चुंबकी पट्टी असलेले कार्डही पुसले जाते. रुग्णासोबत आत जाणाऱ्यांनीही खिसे रिकामे करायचे.

उलट प्रकारही घडला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका हॉस्पिटलात नवीन एमआरआय बसवताना हेलियम वायू इमारतीत पसरला आणि सुमारे ४० आयफोन व ॲपल घड्याळे एकाएकी मृतवत झाली. त्यांच्यातल्या घड्याळाचे ठोके देणाऱ्या सूक्ष्म भागात हेलियम शिरला होता. काही दिवसांत वायू निघून गेल्यावर बहुतेक फोन पुन्हा सुरू झाले.

एक्स-रे आणि सीटीसाठी फोन काढायला सांगतात तो प्रतिमेत धातूची सावली येऊ नये म्हणून.

श्रवणयंत्रात फोनमुळे गुणगुण येते. उपाय?

हे धोक्याचे नाही, वैतागाचे आहे. फोन थोडा तिरका धरून पाहा, किंवा श्रवणयंत्र टेलिकॉइलवर, म्हणजे फोनचा आवाज थेट पकडणाऱ्या सेटिंगवर, टाका. नवी श्रवणयंत्रे ब्लूटूथने फोनला जोडता येतात. मग फोन कानाला लावायचीच गरज राहत नाही. फोन विकत घेण्यापूर्वी स्वतःचे श्रवणयंत्र कानात घालून, प्रत्यक्ष कॉल लावून बघा.

मेंदूतले पाणी वळवणारा शंट आहे. काही काळजी?

शंटची झडप बाहेरून चुंबकाने जुळवता येण्यासारखी असेल तर हो. हेडफोन, टॅबलेटचे चुंबकी कव्हर किंवा पाठीत चुंबक असलेला फोन डोक्यावरच्या त्या जागेला टेकला तर झडपेची सेटिंग बदलू शकते. पेसमेकरसारखी ती चुंबक दूर गेल्यावर आपोआप जागेवर येत नाही, हे लक्षात ठेवा. किमान ५ सेंमी अंतर हवेच, वीतभर ठेवले तर उत्तम. लहान मुलांच्या बाबतीत विशेष जपा, कारण ती टॅबलेटवर डोके टेकवून झोपतात. डोकेदुखी, उलट्या, गुंगी वाढली तर झडप तपासून घ्या. नव्या काही झडपा सेटिंगला कुलूप असलेल्या येतात. तुमची कोणती आहे ते शस्त्रक्रियेच्या कागदांवर लिहिलेले असते.

शुगरचा सेन्सर आणि इन्सुलिन पंप फोनला जोडला आहे. फोनने त्यात अडथळा येतो का?

इथली अडचण लहरींची नाही, शांततेची आहे. रात्री साखर घसरली, सेन्सरने ओळखले, फोनला कळवले आणि फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएने याच विषयावर इशारा दिला. लोकांना सूचना ऐकूच येत नव्हत्या. कुठे सेटिंग बदललेली होती, कुठे फोनची प्रणाली अपडेट झाली होती, कुठे आवाज जोडलेल्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये जात होता, कुठे फोनने ॲपच झोपवले होते.

ॲपच्या अत्यावश्यक सूचनांना परवानगी द्या. फोन अपडेट झाल्यावर, नवा इअरफोन जोडल्यावर आणि निदान महिन्यातून एकदा आवाज खरोखर येतो का ते तपासा. रात्री फोन चार्जिंगला लावायचा तो ऐकू येईल एवढ्या अंतरावर. इन्सुलिन पंपाला चुंबकी कव्हर किंवा वायरलेस चार्जर चिकटू देऊ नका.

घरच्या बीपी मशीनजवळ फोन चालतो का?

हातभर दूर ठेवा आणि मोजताना बोलू नका. बोलण्याने रक्तदाबाचा आकडा खरोखर वाढतो, फोनवर असो वा समोरच्याशी. होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी टिपणारे छोटे यंत्र, लावलेले असेल तर फोन पॅन्टच्या खिशात ठेवा, त्या पट्ट्यांजवळ नको.

विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर फोन वापरता येतो का?

आजच्या खुर्च्यांवर येतो. १९९० च्या दशकात रेडिओ लहरींमुळे अशा खुर्च्या आपोआप हलल्याच्या तक्रारी आल्या आणि १९९४ मध्ये एफडीएने उत्पादकांना त्याची दखल घ्यायला लावली. तरी एक सवय चांगली: उतारावर किंवा रस्त्याच्या कडेला फोन उचलण्याआधी खुर्ची बंद करा. फोन जॉयस्टिकला बांधू नका.

विमानात फ्लाइट मोड अजून लागतो का?

२०१३ पासून अमेरिकेत फोन फ्लाइट मोडवर ठेवून उड्डाणभर वापरू देतात. मोबाइल नेटवर्क मात्र बंदच ठेवायचे. जानेवारी २०२२ मध्ये फाइव्ह-जीवरून जो गदारोळ झाला, तो प्रवाशांच्या फोनपेक्षा विमानतळाजवळच्या टॉवरबद्दल होता. विमानाची जमिनीपासूनची उंची सांगणारे यंत्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि अमेरिकेत फाइव्ह-जीला दिलेल्या नव्या लहरींच्या पट्ट्याची वरची सीमा ३.९८ गिगाहर्ट्झ होती, म्हणजे त्याच्या जवळच.

गर्दीत शेजारच्या माणसाच्या फोनची भीती बाळगावी का?

नाही. त्याचा फोन तुमच्या छातीला चिकटत नाही तोवर अंतर पुरेसे असते. पेसमेकर बसवल्यावर लोकांत मिसळणे सोडलेली माणसे मी पाहिली आहेत. त्याची काहीच गरज नव्हती.

फोन वाजला आणि त्याच क्षणी पलंगाशेजारचे यंत्र वाजू लागले, तर काय करू?

फोन घेऊन दोन-तीन पावले मागे सरका आणि नर्सना हाक मारा. अलार्म स्वतः बंद करू नका; आवाज थांबला तरी बोलवाच. यंत्र दोन मिनिटांत सुरळीत दिसले तरी पंपाचा वेग आणि व्हेंटिलेटरची सेटिंग त्यांना नजरेखालून घालू द्या. आणि फोन तिथे होता हे सांगा. ओरडा बसेल म्हणून लोक ते लपवतात, मग आम्ही यंत्र उघडून नसलेला दोष शोधत बसतो आणि तेवढा वेळ ते यंत्र दुसऱ्या रुग्णाला मिळत नाही. वेळ, यंत्र आणि फोन किती जवळ होता, एवढे तीन शब्दांत सांगितले तरी नोंद होते.